मैलोबाचा शेंदूर

मित्रांनो, मी एक जुना मैलाचा दगड आहे. वडीगोद्रीहून शहागडला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला मी उभा आहे. काही जण मला मैलोबा म्हणत, पण देव मी कधीच नव्हतो. निजामाच्या राज्यात पाथरवटानं मला घडवलं आणि पोटावर उर्दूत हैदराबादचं नाव कोरलं. त्याखाली मैलांचा भला मोठा आकडा.

उर्दू वाचणारे इथं थोडे. बाकीच्यांनी माझा उपयोग बिडी विझवायला आणि टेकून जोड्यातला खडा काढायला केला. दगडाला राग येत नाही म्हणतात. मलाही फारसा आला नाही.

रस्त्यालगतच्या वस्तीवर दुर्गाबाई राहायची. तिचा एकुलता एक मच्छिंद्र शाळेत उर्दू शिकला होता. त्यानंच तिला माझा आकडा वाचून दाखवला. पुढं तो हैदराबादच्या विमानतळावर सामान चढवायच्या कामाला लागला. एकदा रजा संपवून परत निघाला, तेव्हा मोटारीची वाट पाहत दोघं माझ्यापाशी उभी होती. रेल्वे आणि मोटार धरून दोन दिवसांची वाट, इतक्या लांब राहू नको, असं आई म्हणत होती. तेवढ्यात हैदराबादेहून औरंगाबादला जाणारं विमान डोक्यावरून गेलं.

"आई, तू दळण दळून भाकरी टाकेस्तोवर ते औरंगाबादला उतरतंय," मच्छिंद्र म्हणाला. "मंग हैदराबाद लांब कुठं हाय?"

हमालाला विमानात कोण बसवतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. त्याच्या आलं असावं, कारण तो खाली बघत होता.

त्यानंतर दर अमावस्येला ती तेल-शेंदूर घेऊन यायची आणि बरोबर आकड्यावरच लेप द्यायची. हा कोणता देव, असं तिच्या जावेनं, उषाबाईनं विचारलं.

"देव न्हाई," दुर्गाबाई म्हणाली. "आकडा दिसला न्हाई की पोरगं जवळ वाटतं."

पण तिचं पाहून इतर बायाही नारळ फोडू लागल्या, आणि मी मैलोबा झालो. विमानाची घरघर आली की वस्तीवर दुर्गाबाईचं जातं सुरू व्हायचं. पोरगं उतरलंच तर भाकरी ताजी हवी ना!

एका उन्हाळ्यात मच्छिंद्रचा सोबती रामकिसन आला. त्याच्या खांद्यावर मच्छिंद्रची वळकटी होती. तापाच्या साथीत मच्छिंद्र गेला होता. त्याला अग्नीही तिकडेच दिला होता. दुर्गाबाई रडली नाही. वळकटी तिनं माझ्या डोक्यावर ठेवली.

"त्यो गेला त्या दिवशी इमान आल्तं का इकडं?"

"आल्तं, आई. रोजच येतं."

तिनं मान हलवली आणि रामकिसनला जेवायला घरी नेलं. दुसऱ्या दिवशी विमान आलं तेव्हा जातं वाजलं नाही.

मैलोबा पावला नाही म्हणून बायांनीही येणं सोडलं. उन्हानं शेंदराच्या खपल्या निघाल्या आणि आकडा पुन्हा उघडा पडला. होता तेवढाच. एका मैलानंही कमी झाला नव्हता. मला वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही.

मित्रांनो, मला खुशाल धुवा, चुना लावा. वाटसरूला आकडा दिसलाच पाहिजे. फक्त आकड्यातल्या शेवटच्या अंकाच्या खाचेत थोडा शेंदूर अजून अडकून आहे. तेवढा खरवडू नका.