जिथं टीव्ही, तिथं शाळा

कडूबाई खिल्लारे कॉम्प्युटरची बटणं एकेक करून पुसत होत्या. मऊ ब्रश, जुन्या सुती लुगड्याची चिंधी आणि कपात घोटभर स्पिरिट. दसऱ्याला हेडमास्तरांनी यंत्राची पूजा केली होती, तेव्हाचं कुंकू अजून बटणांच्या फटीत बसलेलं होतं. समोर सतरंजीवर आठवीची लेकरं पुठ्ठ्यावर काढलेल्या बटणांवर बोटं दाबत होती. आवाज फक्त पुठ्ठ्याचा येत होता.

सरकारने शाळेला कॉम्प्युटर दिला त्याला वर्ष होत आलं होतं. उन्हाळ्यात औरंगाबादला जाऊन तो शिकून आल्या होत्या शाळेतल्या एकट्या कडूबाईच. यंत्र म्हणजे जाड पाटीसारखा एक डबा. त्यावर टाईप केलेलं दिसायचं ते सोबत मिळालेल्या रंगीत टीव्हीवर. आणि टीव्ही होता संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांच्या घरी. ‘शाळेत चोऱ्या होतात, सांभाळायला नेतो,’ म्हणून त्यांनी तो गाडीत घालून नेला, आणि आता दर रविवारी सकाळी अर्धं गाव त्यांच्या ओसरीवर मालिका बघायला जमत होतं. अर्धंच. दुसरं अर्धं, ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यातलं, तिकडे फिरकत नव्हतं.

हेडमास्तर किशनराव दारात येऊन उभे राहिले.

“बाई, हे पुठ्ठ्याचं काय चालवलंय?”

“टीव्ही नाही सर. डोळे झाकून शिकवायलेय.”

“दिवाळीनंतर येईल म्हणाले ना आबासाहेब.”

“कोणत्या दिवाळीनंतर?”

किशनराव आत आले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, “तुमची नोकरी कायम व्हायचीय अजून. सही त्यांचीच लागते. त्यात सध्या नामांतराचं वातावरण. तुमी तरी शांत राहा.”

कडूबाईंनी शेवटचं बटण पुसलं. त्या अशा बोलण्याला नवख्या नव्हत्या. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत मामाचं घर जळालं, तेव्हाही शहाण्या माणसांनी मामालाच शांत राहायला सांगितलं होतं. त्यांनी पेटीतून स्वच्छ चादर काढली, कॉम्प्युटर तिच्यात गुंडाळला आणि तान्ह्या लेकरासारखा छातीशी धरला.

“ओळ करा,” त्या मुलांना म्हणाल्या. “आजचा तास बाहेर.”

गावातून ओळ निघाली तशी पारावरची माणसं बघत राहिली. कुणी विचारलं, सहल हाय का? कडूबाई म्हणाल्या, “तास हाय.”

आबासाहेबांचं घर नवीन, सिमेंटचं, समोर फरशीची रुंद ओसरी. तिथेच भिंतीशी टीव्ही, वर क्रोशाचं झाकण. आबासाहेब सेलूच्या बाजाराला गेले होते. त्यांची बायको नर्मदाबाई पदर सावरत बाहेर आल्या.

“बाई, काय काम काढलं?”

“टीव्हीचं काम होतं, काकू. तासभर बसतो.”

नर्मदाबाई मागे सरकून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. चपला काढून मुलं वर चढू लागली. आणि मध्येच ओळ तुटली. बौद्धवाड्यातली मुलं पायरीपाशी आपोआप थांबली होती. कुणीही त्यांना अडवलं नव्हतं. कडूबाईंचा स्वतःचा पाय अजून खालच्याच पायरीवर होता. हातातलं ओझं त्यांनी जरा घट्ट धरलं आणि त्या वर चढल्या.

“बायना, वर ये. पहिला नंबर तुझा.”

बायना आली. तिच्यामागे बाकीचे आले.

कडूबाईंनी झाकण घडी करून बाजूला ठेवलं, वायरी जोडल्या, टीव्हीचा कान पिळला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली तशी मुलं एकदम पुढे सरकली. बायनाने एका बोटाने बटणं शोधत शोधत पुठ्ठ्यावर गिरवलेल्या आज्ञांच्या दोन ओळी लिहिल्या, शेवटचं बटण दाबलं, आणि पडदाभर, वरपासून खालपर्यंत, तिचं नाव धावायला लागलं.

उंबऱ्यात उभ्या नर्मदाबाई दोन पावलं पुढे आल्या होत्या.

“कोणाची गं तू?” त्यांनी बायनाला विचारलं.

बायनाने बाईंकडे पाहिलं.

“माझ्या वर्गातली,” कडूबाई म्हणाल्या.

निम्म्या मुलांची नावं झाली असतील, तेवढ्यात अंगणात जीप थांबली. आबासाहेब पायरीशी आले, ओसरीभर बसलेली मुलं त्यांनी पाहिली. नजर कुठे कुठे अडखळत फिरली.

“हे काय चालू हाय?”

“दुसरा तास.”

“कुणाला इचारून?”

“टीव्हीच्या पाठीवर शाळेचं नाव आहे, आबासाहेब. टीव्ही शाळेत येईना, म्हणून शाळा इकडं आली. जिथं टीव्ही, तिथं शाळा.”

“अन् ही लेकरं... सगळी आठवीचीच हायत?”

“सगळी.”

आबासाहेबांनी वर चढायला उचललेला पाय परत अंगणात ठेवला. मग म्हणाले, “लय शिकलात तुमी. सहीचं ध्यानात हाय ना?”

“हाय की.”

“अन् उद्या?”

“उद्या नववी. परवा दहावी. सोमवारी पुन्हा आठवी.”

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच आबासाहेबांचा गडी आश्रुबा बैलगाडी घेऊन फाटकात उभा होता. गाडीत गवतावर टीव्ही. आश्रुबाने तो उतरवला, ओट्यावर ठेवला आणि कुणाकडेही न बघता गाडी वळवली.

टीव्ही ओला होता. काचेवरून थेंब ओघळत होते आणि त्याला गोमूत्राचा वास येत होता. किशनरावांनी रुमाल नाकाकडे नेला आणि तसाच पुन्हा खिशात ठेवला. नववीतली काही मुलं एकमेकांकडे बघू लागली. काही खाली.

“बाई, हे ओलं कशानं झालं?” गावातल्या एका मुलीने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

“ज्यांनी केलं त्यांना विचार,” कडूबाई म्हणाल्या. “आपण पुसायचं. ओलं यंत्र लावलं की आतून जळतं, एवढं ध्यानात ठेवा.”

त्यांनी चिंधी घेतली. आधी काच पुसली, मग कडा, मग पाठीमागची जाळी, दुसऱ्या कोरड्या फडक्याने, हलक्या हाताने. मग टीव्ही पाठमोरा उन्हाकडे वळवून ठेवला आणि हाताला लागलेला वास रांजणाच्या पाण्याने धुऊन टाकला.

किशनराव जवळ आले. “आला ना एकदाचा? झालं तुमच्या मनासारखं. आता पुन्हा त्या घरी जाऊ नका, बाई. हात जोडतो.”

कडूबाई वायरी तपासत होत्या.

“शाळेचा स्टॅबिलायझर त्यांच्याकडंच राहिलाय सर. विजेचा दाब सांभाळायचा डबा. आपल्याकडच्या लाईटीवर त्याच्याबिगर टीव्ही लावता येत न्हाई.”

“मी माणूस धाडतो.”

“माणूस कशाला?”

त्यांनी चादर झटकली आणि कॉम्प्युटर गुंडाळायला घेतला. त्यांनी काही सांगायच्या आतच नववीची मुलं उठून चपला घालायला लागली होती.