दुपारचं अर्धं शटर

भोरच्या बाजारपेठेत धनाजीचं डीटीपीचं दुकान होतं. कुणाचं लग्न ठरो, बारसं होवो, नाहीतर कुणी देवाघरी जावो, त्याची पत्रिका किंवा फ्लेक्स धनाजीच्याच हातून निघायचा. माणूस चाळिशीतला, बोलायला कमी. पण माउस असा चालवायचा की समोर बसलेलं गिऱ्हाईक स्वतःचं काम विसरून त्याच्या हाताकडेच बघत राहायचं.

त्या हातानंच त्याला दगा दिला. आधी संध्याकाळी मनगट नुसतं जड वाटायचं. बाम चोळला की भागायचं. मग अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. गाडीचा क्लच धरायचा डावा हात ठणठणीत, पण ॲक्सिलरेटर पिळताना उजव्या मनगटातून कळ थेट कोपरापर्यंत जायची. आणि एक दिवस सत्यनारायणाच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेल्या गुरुजींच्या देखत त्याच्या हातातला चहाचा ग्लास निसटला. धरलेला होता, तरी निसटला. चहा कीबोर्डवर सांडला याचं त्याला काही वाटलं नाही. ग्लास कधी सुटला हे बोटांना कळलंच नव्हतं, त्याची मात्र त्याला धास्ती बसली.

हाडाच्या डॉक्टरांनी हात उलटासुलटा वाकवून बघितला. मनगटापाशी नस दबली असावी, म्हणाले. पट्टा बांधा, माउस कमी करा, व्यायाम शिकून घ्या; एवढ्यानं उतार पडला नाही तर पुण्याला नसेची तपासणी करू आणि मग वेळ पडली तर ऑपरेशन. डॉक्टर पुढंही बरंच बोलले, पण धनाजीच्या कानात शेवटचा शब्दच अडकून राहिला. हात कापायचा आणि तोही उजवा.

त्याचं घर भोरच्या बाहेर, नीरेच्या काठच्या गावात. दावणीला दोन म्हशी. सकाळची धार धनाजी काढायचा, संध्याकाळची त्याची बायको रत्ना. रत्ना वेल्ह्याकडची, पानशेतच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीत गुराढोरांत वाढलेली. डॉक्टरांकडनं आल्यावर तिनं फार चौकशी केली नाही. "हाताला जपा. म्हशींचं म्या बघते," एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन्ही वेळच्या धारा तिच्याकडं गेल्या. एवढंच नव्हे, पाण्याची कळशी, वैरणीचा भारा, गाडीचं स्टँड, जिथं म्हणून धनाजी हात घालायचा तिथं तिचा हात आधी जायचा.

आता यात एक गोम होती आणि ती फक्त धनाजीला ठाऊक होती.

दुपारी जेवणं झाली की भोरचा बाजार पेंगतो. त्या वेळी धनाजी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचा आणि कॉम्प्युटरवर एक खेळ उघडायचा. शहर वसवायचा खेळ. मोकळ्या माळावर रस्ते आखायचे, पाणी आणायचं, वीज आणायची, मग माणसं राहायला येतात. गेली काही वर्षं तो एकच शहर वाढवत होता. नदीवर पूल झाले होते, मंडई होती, डोंगराकडच्या बाजूला धरण होतं. दिवसभर दुसऱ्यांची नावं दुसऱ्यांच्या मर्जीच्या रंगात लिहिणाऱ्या माणसाला तेवढं एक शहर स्वतःच्या मर्जीचं होतं. पण ते सांगायचं कुणाला? चाळिशीचा बाप्या माणूस, दहावीतल्या लेकीला, प्रगतीला, मोबाईल ठेव म्हणून रागावणारा बाप, आणि दुपारी शटर ओढून खेळत बसतो. लोक हसले असते. म्हणून त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी माउस कमी करायला सांगितल्यावर त्यानं इमानानं अर्धं काम दुसऱ्या दुकानदाराकडं वळवलं. पण काम कमी झालं तशी दुपार लांबली आणि लांबलेली दुपार शहरानं खाल्ली. पट्टा बांधून तो खेळायचा. कामानं हात दुखतो, खेळानं कसला दुखतोय, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. खेळताना हात दुखायचा नाही असं नव्हे. लक्ष जायचं नाही, इतकंच.

व्यायाम शिकवायला शेफाली नावाची फिजिओथेरपिस्ट होती. वयानं लहान, पण कामात नेटकी. ती धनाजीचा हात शेकायची, बोटं ताणायला शिकवायची, खुर्ची किती उंच हवी, कोपर कुठं टेकवायचं, सगळं समजावायची. महिना होत आला तरी हाताला उतार नव्हता. त्या दिवशी रत्ना मुद्दाम बरोबर आली होती. शेफालीनं मनगट दाबून बघितलं आणि जरा विचारात पडली.

"दादा, काम अर्ध्यावर आणलंय म्हणता. मग सूज उतरायला हवी होती. खरंच कमी केलंय ना?"

धनाजी म्हणाला की लग्नसराई आहे, मधेच कुणीतरी गळ घालतं, नाही म्हणवत नाही. रत्नानं लगेच त्याची बाजू घेतली. त्यांना कुणाला नाही म्हणताच येत नाही, आधीपासून असेच आहेत, असं तिनं शेफालीला सांगितलं. सांगताना ती डाव्या हातानं आपल्या उजव्या अंगठ्याचं मूळ दाबत होती. शेफालीचं लक्ष तिकडं गेलं. तिनं रत्नाला अंगठा मुठीत धरायला लावलं आणि मूठ खाली वाकवायला सांगितली. रत्नानं वाकवली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

शेफालीनं विचारलं की धार कशी काढता, अंगठा मुडपून? रत्ना म्हणाली, व्हय, म्हस कडक हाय, तशाबिगर दूध देत न्हाई. आणि दोन्ही वेळा तुम्हीच? व्हय, मालकांचा हात दुखतोय म्हणून. दुखायला लागून किती दिवस झाले, असं विचारल्यावर रत्नानं हात पदराखाली घेतला. नवऱ्याच्या दुखण्यात आपलं कशाला, म्हणून ती गप्प राहिली होती, हे धनाजीला न सांगता कळलं. आपल्या खेळाचा भार कुणाच्या अंगठ्यावर गेला हेही कळलं. त्याला तिथं बसवेना.

"मॅडम, लग्नसराईचं काही न्हाई," तो म्हणाला. "मी कॉम्प्युटरवर गेम खेळतो. रोज दुपारी. पट्टा बांधून खेळतो."

धनाजीची नजर फरशीवर. त्याला वाटलं होतं की शेफाली हसेल, नाहीतर चार शब्द सुनावेल. तिनं तसं काही केलं नाही. खेळणारे पुष्कळ येतात, ती म्हणाली, अंगठ्यावाले मोबाईलचे आणि मनगटवाले माउसचे. नसेला काम आणि खेळ यातला फरक कळत नाही, तिला फक्त ताण कळतो. आता खरं कळलं, तेव्हा औषध नीट लागू पडेल. काही दिवस पूर्ण बंद, मग थोडं थोडं, आणि माउस डाव्या हाताला. मग तिनं रत्नाच्या अंगठ्यालाही एक पट्टा दिला. धार काढणं तिलाही बंद.

दोघं गाडीवरून घरी निघाली. नदीच्या पुलाशी आल्यावर मागं बसलेल्या रत्नानं गाडी थांबवायला सांगितली. धनाजीनं थांबवली. आता काय ऐकावं लागणार याची त्यानं तयारी केली.

"दुपारचं शटर त्याच्यासाटी खाली असतंय?" तिनं विचारलं.

तो हो म्हणाला आणि कसला खेळ तेही सांगून टाकलं, माळावर शहर वसवायचा. तुला शटरचं कसं माहीत, असं त्यानं विचारायच्या आधीच तिनं सांगितलं. बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या बाळाबाईनं तिला दिवाळीतच कानावर घातलं होतं की तुझा नवरा भर दुपारी शटर अर्धं ओढून आत बसतो, जरा लक्ष ठेव. तेव्हापासून रत्ना मनातल्या मनात झुरत होती. संध्याकाळी तो घरी आला की पाण्याचा तांब्या देताना जवळ जाऊन वास घ्यायची. वास यायचा नाही. मग तिला वाटायचं, दारू न्हाई तर बाई असंल. त्यात त्याच्या हातातून वस्तू पडायला लागल्या, तेव्हा तिला पुन्हा वाटलं, दारूच.

"आन तुमी गावं वसवत बसला व्हता," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. पुलाच्या कठड्याला धरून ती हसत सुटली. हसता हसता डोळे पुसायला लागली आणि पुसता पुसता पुन्हा हसली. धनाजी आधी बावचळला, मग त्यालाही हसू आलं. हसू ओसरल्यावर तिनं आवाज खाली आणून सांगितलं की खेळाचा मला राग न्हाई. पण माझ्यापासून लपवलंत, त्याचा हाय, आन तो काय आज जायचा न्हाई.

तो गेला नाहीच, चार-आठ दिवस राहिला. पण दोघांच्याही छातीवरचा धोंडा त्या पुलावर उतरला होता आणि असा राग सोसायला सोपा असतो.

म्हशींसाठी रत्नानं वेल्ह्याहून आपल्या भावाला, हनुमंतला, बोलावून घेतलं. हनुमंत धार काढण्यात पटाईत, पण नव्या माणसाला म्हशी दाद देईनात. धाकटी तर पान्हा चोरून उभी राहायची. शेवटी रत्नानं आपलं जुनं लुगडं त्याच्या डोक्यावरून पांघरलं, तेव्हा कुठं ओळखीच्या वासानं म्हशीनं पान्हा सोडला. पुढं महिनाभर सहा फुटी, मिशीवाला हनुमंत दोन वेळा लुगडं पांघरून गोठ्यात बसायचा आणि दाजींनी गेम खेळला म्हणून मला पदर घ्यायला लागला, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. अशा रीतीनं धनाजीचं गुपित साऱ्या गावाला कळलं. लोक हसले. दोन दिवस हसले आणि आपापल्या कामाला लागले.

डॉक्टरांनी सांगितलेल्या पुण्याच्या तपासणीला जाताना मात्र धनाजीच्या डोक्यातून ऑपरेशन हा शब्द जात नव्हता. हाताला तारा लावून बारीक झटके दिले, बोटं आपोआप उडाली. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं की नस दबली आहे, पण खराब झालेली नाही. ऑपरेशनची गरज नाही. आत्ता करताय तेच करत राहा. धनाजीनं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. बाहेर आल्यावर त्यानं रत्नाला फोन केला, आणि तिनंही त्याच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं.

डाव्या हातानं माउस चालवणं म्हणजे नव्यानं अक्षर गिरवणं. पहिल्या आठवड्यात एका सरपंचाचा फोटो फ्लेक्सवर तिरका बसला, तो कुणाच्या लक्षात यायच्या आत बदलावा लागला. पण हळूहळू हात बसला. रात्री बोटं बधिर होऊन जाग यायची, ते थांबलं. एका सकाळी दाढी करताना धनाजीला जाणवलं की आपण उजव्या हाताचा विचार न करता दाढी केली. तो आरशासमोर मूठ मिटत, उघडत बराच वेळ उभा राहिला. रत्नाचा अंगठाही सुटला. पट्टा निघाल्यावर तिनं अंगठा न मुडपता धार काढायची सवय लावून घेतली, आणि सकाळची पाळी पुन्हा धनाजीकडं आली. लुगडं घडी घालून ठेवत हनुमंत आपल्या वाडीला परतला.

शेफालीनं रोज थोडा वेळ खेळायला मुभा दिली, त्या दिवशी रत्ना बाजाराला आली होती. ती दुकानात शिरली, स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसली, आणि दाखवा म्हणाली तुमचं गाव. धनाजीनं जरा लाजतच दाखवलं. पूल दाखवले, मंडई दाखवली. तिनं मंडईत सावली नाही म्हणून नाव ठेवलं. मग त्यानं मोठ्या अभिमानानं धरण दाखवलं. त्याच्या पाण्यावर अख्खं शहर चालत होतं.

रत्ना त्या निळ्या पाण्याकडं बघत राहिली. तिच्या आज्याचं गाव पानशेत धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं.

"हितली माणसं कुठं नेली?"

खेळात तिथं आधी माणसं नव्हतीच, नुसता माळ होता, असं धनाजी म्हणाला. तिला ते काही पटलं नाही. माळ म्हणजे कुणीतरी गुरं चारत असणारच, तिचं म्हणणं. तेव्हा त्यानं डाव्या हातानं सावकाश धरणाच्या कडेनं एक रस्ता ओढला आणि पाण्याच्या वरच्या अंगाला चार घरं बसवायला घेतली. रत्ना पुढं वाकली आणि बोटानं जागा दाखवायला लागली.

"आजून थोडी वर घ्या," ती म्हणाली. "पाणी चढतंय."