सौनाच्या बालदीतला सातवा ठोकळा

मी बोलतोय, तीन भोकांचा, भाकरीएवढा गोल लाकडी ठोकळा. हसू नका. डोलकाठी उभी राहते ती आपोआप राहत नाही. तिचे दोर आमच्या भोकांतून ओवून ताणलेले असतात. इथले खलाशी आम्हाला कुमारी म्हणतात. कुठल्या अंगानं, ते त्यांनाच विचारा.

एका सुतारानं मला कापलं, घासलं, डांबर पाजलं आणि बार्लीची पोती वाहणाऱ्या जहाजाच्या डाव्या अंगाला सातवा म्हणून बसवलं. अकरा वर्षं मी दोर ताणून धरला. कौतुकाचा शब्द कोणी काढला नाही. मग एका नोव्हेंबरात उत्तरेकडच्या ऑलंड बेटांच्या खडकांवर जहाज फुटलं आणि आम्ही सगळे चाळीस मीटर खाली गेलो.

खाली सुख होतं, खोटं कशाला बोलू? काळोख, बर्फासारखं पाणी, आणि त्या समुद्रात मीठ इतकं कमी की लाकूड पोखरणारा किडा तिथे जगतच नाही. दोनशे वर्षांत माझा टवका उडाला नाही.

मग बोर्ये आला. पाठीवर हवेची नळकांडी, हातात दिवा. त्यानंच आमचं जहाज शोधलं. तीस उन्हाळे येत राहिला. मुलगी मायकेन मोठी झाल्यावर तिलाही आणलं. नियम त्याचाच होता. बघायचं, मोजायचं, चित्र काढायचं, उचलायचं काही नाही. मायकेननं एकदा बशीला बोट लावलं, तर त्यानं पाण्याखाली तिच्या हातावर चापट मारली होती.

म्हणून एका गुरुवारी त्याचा हात माझ्याभोवती आवळला तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचा तोल गेला. तोल गेला नव्हता. गंजलेल्या कडीतून त्यानं मला पिळून काढलं आणि पोटाशी धरून वर नेलं. तीस वर्षांच्या ओळखीचा हात. मला अजून खरं वाटत नाही.

कारण नंतर कळलं. हृदय कमजोर, आता पाणी बंद, असं डॉक्टरनं बजावलं होतं. ती त्याची चोरून मारलेली शेवटची बुडी होती.

लाकूड वाळलं की तडकतं, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून त्यानं मला समुद्राच्या पाण्याच्या बालदीत बुडवलं आणि बालदी सौनात फळीखाली सरकवली. सौना म्हणजे किनाऱ्यावरची त्यांची वाफ घ्यायची खोली. शनिवारच्या आत तिकडे कोणी फिरकत नाही, तोवर दुसरी जागा बघू, असा त्याचा हिशेब. पण शनिवारी मायकेन लवकर आली, न विचारता भट्टी पेटवली आणि बापाला हाताला धरून आत नेलं. तिथे शनिवारी सौनाला नको म्हणणारा माणूस आजारीच समजतात. काय सांगणार तो?

दोघं टॉवेल गुंडाळून बसली. आत अंधारच. तिनं फळीखाली हात घातला, लागली ती बालदी भट्टीजवळ ओढली, आणि वाफेसाठी लाकडी ओगराळ्यानं माझं पाणी तापल्या दगडांवर ओतलं.



मायकेन बोलत होती. शुक्रवारी ती खाली गेली, तर सातवा ठोकळा गायब. आदल्या आठवड्यात वेइको नावाचा डायव्हर मुख्य भूमीवरून आला होता. तिनं त्याचं नाव बुडालेल्या जहाजांची राखण करणाऱ्या संग्रहालयाला कळवलं. तो शपथा घेतोय म्हणे. पण सोमवारी कागद निघणार, आणि मग इथल्या कुठल्याच बुडालेल्या जहाजावर त्याला उतरू देणार नाहीत. हे सांगता सांगता ती ओतत होती.

"वाफेला आज डांबराचा वास येतोय," ती म्हणाली. "छान वाटतं."

"बाहेर बोट डांबरलीय."

"कधी? तुला तर वाकायची बंदी आहे."



पाणी माझ्या भोकांखाली उतरलं. दोनशे वर्षांत मला ऊब शिवली नव्हती, आणि आता एकदम भट्टी. बोर्येनं 'थांब' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तो माझ्याकडेच बघत होता. ती ओतत राहिली, तो बघत राहिला, आणि मी तडकलो.

"दगड फुटला वाटतं," म्हणत तिनं पुन्हा ओगराळं घातलं. ते माझ्यावर आपटलं. मला उचलून तिनं दाराच्या उजेडात धरलं. माझं चित्र तिनं इतक्यांदा काढलं होतं की विचारायची गरजच पडली नाही.

"सातवा," ती म्हणाली.



"एकच घेतला गं," बोर्ये म्हणाला. "घरात काहीतरी असावं म्हणून."

"आणि वेइको?"

"त्याचं नाव तू दिलंस."

 मला भेगेपेक्षा हे उत्तर जास्त लागलं. मला घेऊन मायकेन पळत सुटली आणि गुडघाभर समुद्रात मला बुडवून धरून उभी राहिली. रडत नव्हती. 

मागून तो आला, टॉवेलवर, अनवाणी, धापा टाकत. म्हणाला, "तुझा फोन कुठे ठेवलायस? आधी वेइकोला लावतो. मग संग्रहालयाला." संग्रहालयाला त्यानं स्वतःचं नाव सांगितलं. पलीकडच्या बाईला खरं वाटेना, म्हणून पुन्हा सांगितलं.

आता मी संग्रहालयाच्या टाकीत औषधी पाण्यात पडून आहे. एका भोकापासून काठापर्यंत भेग. परत खाली नेण्यासारखा उरलो नाही म्हणतात. मायकेन महिन्यातून एकदा येऊन भेग मोजते. वेइकोही एकदा येऊन गेला. बोर्ये आला नाही.

माझे भाऊबंद अजून खाली उभे आहेत. तुम्ही कधी उतरलात तर त्यांना पोटभर बघा. पण उचलून घरी न्यावंसं वाटेल इतका जीव कोणी लावू नका. परक्या चोरानं नेलं असतं तर मी शिव्या घालून मोकळा झालो असतो. बोर्येला शिव्या द्यायचा मी रोज प्रयत्न करतो. जमत नाही.