हायड्रोजन कुठे गेला?

वालीवच्या औद्योगिक वसाहतीत शत्रुघ्न घरत यांचा एक गाळा होता. पुढच्या भागात फिनाइल भरलं जाई, मागच्या भागात अगरबत्तीवाल्यांसाठी सुगंध मिसळले जात आणि मधल्या भागाला सगळे लॅब म्हणत. लॅब म्हणायचं कारण एवढंच, की तिथे वॉशबेसिन होतं.

गेल्या दिवाळीपासून मात्र तिथे एक खरीखुरी केमिस्टसुद्धा होती. विनिता तळवडेकर, राहणार बोळिंज, एम.एस्सी. ऑरगॅनिक, फर्स्ट क्लास. पहिल्याच आठवड्यात तिने शेठना सांगितलं, "दालचिनीच्या तेलात जे आल्डिहाइड असतं ना, त्याचं क्षपण केलं की सिनॅमिक अल्कोहोल मिळतं. सुगंधवाले ते बाहेरून मागवतात. आपण इथे करू या."

शेठना त्यातलं 'बाहेरून मागवतात' एवढंच समजलं. धंद्याला तेवढं पुरतं.

हिवाळ्यात छोट्या चंबूत तिने ते करून दाखवलं. शेठ खूश झाले, त्यांनी त्यासाठी लागणाऱ्या पांढऱ्या पावडरीचा मोठा डबा मागवला आणि दहिसरच्या एका अगरबत्तीवाल्याला शब्द देऊन टाकला. आणि नेमकं मे महिन्यात, नमुना द्यायची वेळ आली तेव्हा क्षपण होईना. संध्याकाळी चंबू उघडावा तर सकाळी घातलेलं तेल जसंच्या तसं. तपासणीच्या द्रावणात त्याचा थेंब टाकला, की लगेच नारिंगी गाळ. नारिंगी म्हणजे आल्डिहाइड शिल्लक. विनिताने पावडर दुप्पट घातली. नारिंगी. चंबू बर्फात ठेवून घातली. नारिंगी.

"आज काय शिजवते गो?" पॅकिंगची हेलन दारातून नाक आत घालून विचारायची. "काल बिर्याणी होती, आज पन बिर्याणीच वाटते."

हेलन सांडोरची. पॅकिंगमधल्या खोक्यांना जागा पुरत नव्हती, म्हणून लॅबच्या भिंती ती हल्ली ओढणीने मापायला लागली होती. कारण शेठ म्हणाले होते, "शनिवारी दहिसरवाल्याला माल पसंत पडला तर लॅब विनिताची. नाही पडला तर तिथे खोके." त्यात विनिताचं काय करायचं, ते शेठ बोलले नव्हते. पण खोक्यांना केमिस्ट लागत नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

विनिताला नोकरीपेक्षा दुसरीच गोष्ट लागून राहिली होती. फर्स्ट क्लास तिने रासायनिक क्रिया दाखवणारे बाण पाठ करून मिळवला होता. हायड्रोजनकडून कार्बनकडे जाणारा वाकडा बाण ती झोपेतही काढू शकली असती. तोंडी परीक्षेत तिने तो काढला, परीक्षकांनी मान डोलावली, चहा आला. आता इथे कागदावरचा तोच बाण चंबूत काही केल्या उमटत नव्हता, आणि आपल्याला क्षपण येतं की नुसता बाण येतो, हा प्रश्न तिला पडला होता.

बुधवारी शेठ स्टूल ओढून समोर बसले. कमरेला पेजर लावला होता. तो अजून एकदाही वाजला नव्हता.

"मला नीट सांग. हे क्षपण म्हणजे काय?"

"तेलाला हायड्रोजन द्यायचा."

"देतं कोण?"

"ही पांढरी पावडर. तेलात दोन जागा अशा असतात, की दोघी हायड्रोजन घेऊ शकतात. पण ही एकीलाच देते. दुसरीकडे बघतसुद्धा नाही. म्हणून तर ही वापरायची."

"आमच्या वडलांसारखी," शेठ म्हणाले. त्यांचा धाकटा भाऊ अजून वडिलांशी बोलत नसे. "बरं, देणारा आहे, घेणारा आहे. मग अडतंय कुठे? दलाल लागतो का मध्ये?"

विनिता हसली आणि हसता हसता थांबली. घेणाऱ्याची तिने सतरा प्रकारे चौकशी केली होती. तेल तपासलं, तेल विरघळवायचं मिथेनॉल तपासलं, बर्फ तपासला, स्वतःची अक्कल तपासली. देणाऱ्याला मात्र कुणी काही विचारलंच नव्हतं. देणारा परदेशी लेबल लावून आला होता. अशा माणसाला आपल्याकडे कोण विचारतो?

तिने काचेच्या नळीत सौम्य आम्ल घेतलं आणि पावडरीची चिमूट त्यात टाकली. खरं तर सोड्याची बाटली फोडावी तशी फसफस व्हायला हवी होती. चिमूट तळाशी गेली आणि लग्नात जेवण उरकलेल्या पाहुण्यासारखी बसून राहिली. एक बुडबुडा नाही.

"यात हायड्रोजन नाहीच," विनिता म्हणाली.

"मग गेला कुठे?" शेठ दाराकडे बघत म्हणाले, जणू तो आत्ताच बाहेर पडला असावा.

पावडर रोज नथूकाका आणून देत. नथूकाका शेठचे लांबचे चुलते. जन्मभर खाडीच्या कडेला सोनचाफा आणि मोगरा लावला, गुडघे गेल्यावर शेठनी त्यांना स्टोअर सांभाळायला आणलं. विनिता स्टोअरमध्ये गेली. पावडरीचा डबा फळीवर होता, लख्ख पुसलेला. तिने झाकण काढलं. आत नथूकाकांचं पान-तंबाखूचं सामान होतं.

"काका, यातली पावडर?"

"ती व्हय? ये दाखवतो." नथूकाका कौतुकाने तिला कोपऱ्यात घेऊन गेले. तिथे एक मातीचं मडकं होतं. मडक्यावर ओलं गोणपाट. गोणपाटाखाली केळीची ओली पानं. पानांत पावडरीची प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाला केळीचं सोपट अगदी सैल बांधलेलं.

विनिताने पिशवीला बोट लावलं, ती ओलीच होती.

"डब्यावर लिवलंय ना, थंड जागेत ठेवा?" काका म्हणाले. "हेलनने वाचून दाखवलं. आता पत्र्याखाली डबा असा तापायचा, की हात लावायची सोय नाय. मग म्हटलं, चाफा दादरला विकायला न्यायचो तसाच ठेवू. दुपारपर्यंत टवटवीत राहतो."

"आणि तोंड का सैल बांधलंत?"

"करकचून बांधलं तर घुसमटतो, बाय."

"कोण?"

"चाफा."

"काका, ही पावडर आहे!"

"पावडर हाय, पन जिती हाय. सकाळी पानी मारलं की आतून बारीक बारीक फुसफुसायची. म्हटलं, बरं वाटतंय तिला. आता बरेच दिवस गप्प गप्प हाय. सुकली असंल, म्हनून पानी वाढवलं."

विनिता खोक्यावर बसली. हेलनने 'थंड' वाचलं होतं. त्यापुढचं 'आणि कोरड्या' हे मालासोबत आलेल्या चलनाच्या चिकटपट्टीखाली गेलं होतं. चलन शेठनीच चिकटवलं होतं.

"काका, इथे बसून बिडी ओढलीत कधी? जो वायू बाहेर पडत होता ना, तो पेटतो."

काका दुखावले. "चाफ्याजवळ कोन बिडी ओढतं?"

विनिताने मडकं उचलून बाहेर उघड्यावर नेऊन ठेवलं आणि तिथेच उभी राहिली. तिच्या डोक्यात तो वाकडा बाण पुन्हा आला, पण या वेळी त्याच्या शेपटीकडे तिचं लक्ष गेलं. पुस्तकात बाण सुरू होतो तेव्हा देणाऱ्याचं घर भरलेलं असतं. ते भरलेलं का आहे, किती दिवस राहील, हे पुस्तक सांगत नाही. ही पावडर मोठ्या मनाची. जो आधी मागेल त्याला देऊन मोकळी होते. नथूकाकांचं पाणी रोज सकाळी मागत होतं. तेल बिचारं रांगेत उभं राहून खिडकीपाशी पोचलं, तेव्हा आत काही उरलंच नव्हतं. आपण मात्र तेलालाच दोष देत बसलो. क्षपण म्हणजे घेणाऱ्याची गोष्ट नाहीच, ती अर्धी तरी देणाऱ्याची आहे.

शेठ मागोमाग आले. "सापडला का?"

विनिताने नथूकाकांकडे पाहिलं. "पत्र्याखालची जागाच चुकीची होती, शेठ. मी आधी येऊन बघायला—"

"नाय रे शत्रू," नथूकाका मध्येच म्हणाले, "मीच पानी मारत होतो."

"कधी?"

"रोज."

"मग बरं केलंस की," शेठ म्हणाले. "मे महिना आहे." शेठही मुळात वाडीवरचेच. विनिताच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना आपण काय बोललो ते कळलं, आणि त्यांनी पेजरकडे बघितल्यासारखं केलं.

त्याच दुपारी ड्रायव्हर प्लासिडला मशीद बंदरच्या केमिकल बाजारात पिटाळलं. गुरुवारी तो सीलबंद डबा घेऊन आला. डबा विनिताने स्वतःच्या कपाटात ठेवला, पिशवीचं तोंड करकचून बांधलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. नथूकाका कपाटावरून जाताना थांबून बघत. "कोरडी पडंल ती," ते हेलनला म्हणाले.

"काका, आता तू तिकडे पानी घेऊन गेलास तर मीच तुझ्यावर ओतीन," हेलन म्हणाली.

नवीन पावडरीची चिमूट विनिताने आम्लात टाकली. नळी अशी फसफसली, की नथूकाका दोन पावलं मागे सरकले. "हां!" ते म्हणाले. "ही निरोगी हाय."

शुक्रवारी बर्फात चंबू ठेवून तिने थोडी थोडी पावडर घातली. घाई केली नाही. दुपारी दालचिनीचा तिखट वास खाली बसला आणि चंबूतून काहीतरी मऊ, फुलासारखं येऊ लागलं. पण विनिताचा आता नाकावर विश्वास नव्हता आणि बाणावर त्याहून नव्हता.

शनिवारी सकाळी सगळे लॅबमध्ये जमले. हेलनच्या खांद्यावर ओढणी होतीच. विनिताने तपासणीच्या द्रावणात नमुन्याचा थेंब टाकला आणि नळी खिडकीच्या उजेडात धरली. सगळे बघत राहिले. द्रावण होतं तसंच राहिलं. पंखा फिरत होता.

"कधी होणार?" शेठनी कुजबुजत विचारलं.

"झालं."

"काय झालं?"

"काहीच नाही झालं. तेच तर पाहिजे होतं. आल्डिहाइड शिल्लक नाही."

"एवढे दिवस जे चाललं होतं, ते काहीच होऊ नये म्हणून?"

"हो."

"जेजू माझ्या," हेलन म्हणाली आणि तिने ओढणी नीट पदरासारखी घेतली. "म्हणजे आता माझी खोकी पोर्चमध्येच."

बाहेर ऑफिसात फोन वाजला. दहिसरवाला होता. विनिता नळी हातात घेऊन धावेपर्यंत शेठनी रिसीव्हर उचललाही होता. छाती पुढे काढून, आख्ख्या वालीवला ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगत होते, "अहो, काहीच झालं नाही! आमच्या मॅडमनी स्वतः करून दाखवलं. एकदम काहीच नाही! तुम्ही आजच या!"

विनिताने त्यांच्या हातून फोन घेतला.