आवाजाकडच्या खुर्च्या

मिस्त्रींनी खुर्ची उचलली, पिवळ्या फितीपर्यंत नेली आणि फितीला अगदी खेटून ठेवली. फितीपलीकडे पोहण्याच्या रिकाम्या तलावात दोन माणसं मशीनने जुन्या फरश्या उखडत होती. त्या दणदणाटाने डेकवरच्या टेबलांवरचे पेलेसुद्धा थरथरत होते. बाकीचे प्रवासी कधीच बोटीच्या दुसऱ्या टोकाला पळाले होते. मिस्त्री परत आले, बायकोची खुर्ची उचलली आणि तीही तिकडेच नेऊन ठेवली.

ती टॉवेल, टोपी आणि चष्म्याचं घर सांभाळत मागोमाग गेली. आपणहून बोलायचं नाही, असं ती घरूनच ठरवून आली होती. पण आता राहवलं नाही.

“अहो, इथे कशाला?” ती ओरडली. ओरडल्याशिवाय इथे स्वतःचं बोलणं स्वतःलाही ऐकू येत नव्हतं.

“बघू या की काय करतायत ते!” मिस्त्रीही ओरडले. “जुनी फरशी कशी धरून बसलीय बघ. चांगल्या माणसाने बसवली असणार!”

ती टोपी हातात धरून उभीच राहिली. गेल्या आठ महिन्यांत नवरा तिच्याशी एका दमात इतकी वाक्यं बोलला नव्हता.

अबोला ही त्यांच्या घरात काही नवी गोष्ट नव्हती. मिस्त्रींना राग आला की ते भांडत नसत, गप्प बसत. तीही काही कमी नव्हती. लेक लहान होती तेव्हा ‘बाबांना सांग, ताट वाढलंय’ असा कारभार चालायचा. लेकीचं लग्न झाल्यावर दोघं भिंतीला उद्देशून बोलू लागले. जो आधी तोंड उघडेल तो हरला, हा नियम कुणी केला नव्हता, पण दोघंही तो कसोशीने पाळत. आजवरचा सगळ्यात लांब अबोला अकरा दिवसांचा, कपाट कुठल्या भिंतीला लावायचं यावरून झालेला. हा मात्र आठ महिन्यांचा होता, आणि तो कशावरून हेच तिला कळत नव्हतं.

सुरुवातीला ती स्वयंपाकघरातून काही विचारायची आणि उत्तर यायचं नाही. पुन्हा विचारलं तर नुसतं ‘हं’ यायचं, तेही भलत्याच ठिकाणी. संध्याकाळी टीव्हीचा आवाज एवढा वाढवून बसायचे की बाईने तोंडच उघडू नये. दोन महिने तिने सोसलं, मग तीही इरेला पेटली. पण कारण शोधणं काही सुटलं नाही. शोधून शोधून एकच सापडलं होतं. माळा आवरताना तिने मिस्त्रींची हत्यारांची जुनी पिशवी भंगारवाल्याला देऊन टाकली होती, आणि त्या पिशवीत त्यांची पहिलीवहिली थापी होती. बेचाळीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या बसवलेल्या माणसाची थापी. त्यांनी थापीबद्दल कधी विचारलं नाही, म्हणजे त्यांना कळलेलंच होतं, असं ती धरून चालली होती.

बोटीची ही सहल लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेक-जावयाने भेट दिली होती. निघण्याच्या आदल्या दिवशी तिने लेकीला फोनवर सांगून टाकलं होतं, “परत आले की मी तुझ्याकडेच येते राहायला. कायमची. जिथे माझ्याशी कुणी बोलत नाही तिथे मी कुणासाठी राहू?” लेक रडवेली झाली होती, पण नको म्हणाली नव्हती. म्हणजे सहलीचे आठ दिवस ही मिस्त्रींना दिलेली शेवटची मुदत होती, आणि मिस्त्रींना त्याचा पत्ताच नव्हता.

आणि बोट ही अशी. दुसऱ्या सकाळी खोलीच्या दाराखालून एक चिठ्ठी आत सरकली होती: आपला प्रवास अधिक सुखकर व्हावा म्हणून काही किरकोळ दुरुस्त्या चालू आहेत. किरकोळ म्हणजे तलाव कोरडा, वाचनालयाला कुलूप, मोठ्या जिन्यावरचा गालिचा सोलून काढलेला, आणि दहा ते एक, मग पुन्हा दोन ते पाच, कान किटवणारं मशीन. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी त्याच दिवशी प्रवाशांची समिती स्थापन केली होती. वही काखेत मारून ते सह्या गोळा करत हिंडायचे. बाकी कुणाची होवो न होवो, त्यांची सहल मात्र झकास चालली होती.

“सही करा, काका!” त्यांनी मिस्त्रींपुढेही वही धरली. “हा आवाज सहन करायचा म्हणजे काय?”

“मला नाही त्रास होत!” मिस्त्री म्हणाले. “उलट बरं वाटतंय!”

समितीवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने खांदे उडवले, कारण तिलाही काही उमगलं नव्हतं.

पण उमगून घ्यायचं तिने मनावर घेतलं. ती लक्ष ठेवू लागली. मशीन चालू असलं की मिस्त्री बोलत होते, अगदी पूर्वीसारखे. समुद्राच्या हवेत सिमेंट कसं सुकतं, उतार कुठल्या बाजूला द्यायला हवा, या बोटीवरच्या नळांना काय दर्जा आहे. ती ओरडून विचारायची, ते ओरडून सांगायचे. एकदा तर त्यांनी जावयाच्या चालण्याची नक्कल केली आणि ती एवढी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग एक वाजायचा. मशीन थांबायचं, कामगार जेवायला जायचे, पळालेले प्रवासी हळूहळू परत येऊन टेबलांवर बसायचे. आणि मिस्त्री गप्प.

“सूप गार होतंय,” ती म्हणायची.

मिस्त्री समुद्राकडे बघत बसायचे.

दोन वाजता मशीन सुरू झालं की स्वारी पुन्हा खुलायची. असा घड्याळ लावून राग कुणी धरतो का? तिला हसावं की कपाळावर हात मारावा ते कळेना. तिसऱ्या दिवशी तिने मनाचा हिय्या केला आणि ऐन दणदणाटात त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, “तुमची थापी मी भंगारात दिली!”

“काय?”

“थापी! जुनी! पिशवीसकट!”

मिस्त्रींनी क्षणभर विचार केला. “बरं केलंस! गंजून गेली होती!” आणि ते पुन्हा तलावात बघायला लागले.

ती खुर्चीत मागे टेकली. म्हणजे ते कारण नव्हतं. आठ महिने तिने जे मनाला लावून घेतलं होतं ते त्यांच्या गावीही नव्हतं. मग होतं तरी काय?

एव्हाना तलावातल्या कारागिराशी मिस्त्रींची चांगलीच गट्टी जमली होती. पन्नाशीचा, गुडघ्यांना जाड पट्टे बांधलेला माणूस. पहिल्या दिवशी तो या म्हाताऱ्याकडे वैतागून बघायचा, दुसऱ्या दिवशी त्याने मिस्त्रींना सिमेंटचा मसाला कालवलेली बादली दाखवली, आणि चौथ्या दिवशी एक वाजता मशीन थांबल्यावर, जेवायला जाण्याआधी, तो काठाशी आला. दिवसभर मशीनजवळ असल्यामुळे असेल, तो बोलायचा तेही बोंबलूनच.

“काका, परवा बसवलेली ओळ वाजवून देता का? माझ्या कानात नुसतं घुं घुं चाललंय, मला काही समजत नाही.”

मिस्त्री उभे राहिले ते एकदम ताठ. विजारीच्या खिशातून त्यांनी एक नाणं काढलं आणि शिडीवरून तलावात उतरले. ती काठावर येऊन वाकून बघू लागली. फरशी बसवून सुकली की ती वाजवून पाहतात, हे तिला लग्नानंतर पहिल्याच वर्षी समजलं होतं. खाली मसाला नीट भरलेला असेल तर आवाज आखूड आणि घट्ट येतो. कुठे हवा राहिली असेल तर फरशी टकटक न करता डबडब बोलते. त्यांचं स्वतःचं घर बांधलं तेव्हा मिस्त्रींनी तिला जमिनीवर बसवून सगळ्या खोल्या वाजवायला लावल्या होत्या. सात फरश्या तिने पकडल्या होत्या, आणि मिस्त्रींनी त्या सातही दुसऱ्या दिवशी उखडून परत बसवल्या होत्या. त्यांनी पुढे कित्येक वर्षं लोकांना ते कौतुकाने सांगितलं होतं.

डेकवर आता चमच्यांची किणकिण सोडली तर काही आवाज नव्हता. मिस्त्री उकिडवे बसले, नाणं टेकवलं आणि मान तिरकी केली.

“भरीव,” ते म्हणाले. पुढच्या फरशीवर नाणं वाजवलं. “भरीव.”

तिसऱ्या फरशीवर नाणं पडलं आणि ती काठावर चपापली. एवढी पोकळ, की शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही कळावं.

“भरीव,” मिस्त्री म्हणाले आणि चौथीकडे वळले.

त्यांच्या चेहऱ्यावर तीच जुनी एकाग्रता होती, तोच रुबाब. तिला वाटलं, जाऊ दे. कुणाला काय कळणार आहे? पण इथे पाणी भरणार होतं, लोक अनवाणी उतरणार होते, फरशी सुटून वर आली असती तर कुणाचा तरी पाय कापला असता. आणि हे ज्याने तिला शिकवलं तो माणूस खाली बसला होता.

“तिसरी,” ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, “अहो भाऊ, ती तिसरी पुन्हा वाजवा.”

कारागिराने वर पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं. मग थापीचा लाकडी दांडा तिसऱ्या फरशीवर आपटून त्याने सरळ कानच फरशीला लावला.

“पोकळ आहे, काकू,” तो म्हणाला. त्याने पेन्सिलने फरशीवर फुली मारली आणि घाईघाईने म्हणाला, “एखादी सुटते नजरेतून, काका. माझंच काम, मलाही नाही समजलं.”

मिस्त्री नाणं हातात घेऊन तसेच बसले होते. मग त्यांनी ते आपणहून तिसऱ्या फरशीवर वाजवलं. एकदा, पुन्हा एकदा. ती काठावर उभी होती आणि तिला स्वतःच्याच जिभेचा राग येत होता.

कारागीर जेवायला गेला. मिस्त्री शिडी चढून वर आले आणि आपल्या खुर्चीत बसले. तीही शेजारी बसली. तिने टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

“खरंच पोकळ होती?” मिस्त्रींनी विचारलं.

“हो.”

ते तिच्याकडे वळले. ते तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हते, ओठांकडे बघत होते. हे तिला आज पहिल्यांदा दिसलं.

“हो,” ती मोठ्याने म्हणाली.

“मला तिन्ही एकसारख्या वाजल्या.” त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं, जणू चूक बोटांची होती. मग त्यांनी विचारलं, “घरी... घरी तू बोलत होतीस का गं?”

ती खुर्चीत पूर्ण त्यांच्याकडे वळून बसली.

“मला वाटलं, तू अबोला धरलायस,” मिस्त्री म्हणाले. “तुझे ओठ हलायचे. मला वाटायचं, मुद्दाम पुटपुटतेस, मला ऐकू जाऊ नये म्हणून. कशावरून चिडलीस ते कळेना. म्हटलं, धर अबोला, मीही काही कमी नाही. मग इथे आलो आणि तू बोलायला लागलीस. तेही या मशीनपाशीच. म्हणून मी रोज खुर्च्या इकडे आणत होतो.”

तिला रडू आवरेना. पण रडण्याआधी खरं ते सांगायला हवं होतं.

“पहिले दोन महिने बोलत होते,” ती म्हणाली. “मग नाही. मग मी खरंच धरला.”

मिस्त्रींनी कान पुढे केला. “काय?”

तिने श्वास घेतला आणि सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी दहा ते एकच्या आवाजात. आसपासच्या टेबलांवर माना वळल्या. समितीवाल्यांचं पेन वहीवर थबकलं. वळलेल्या माना मिस्त्रींनीही पाहिल्या.

“अगं, हळू. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत,” ती म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले, खुर्ची त्यांच्या खुर्चीला भिडवली आणि आवाज जराही खाली न आणता त्या दोन महिन्यांत सांगून झालेलं सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. कोपऱ्यावरची बेकरी बंद झाली. शेजारच्या वहिनींना नात झाली, तिच्या गालाला खळी पडते. न्हाणीघराचा नळ रात्रभर गळतो. आणि तिचा उजवा गुडघा दुखतो, जिना चढताना फार दुखतो.

“गुडघा?” मिस्त्री खुर्चीत पुढे सरकून बसले. “कधीपासून?”