वाइंडिंग खात्यातली बोली

"मावशी, ही भोकं कशाची?"

हुसेनबी पाठमोरी होती, त्यामुळे तिला काही ऐकू गेलं नाही. ती माठात पाणी ओतत राहिली. मग मुग्धा समोर येऊन उभी राहिली आणि तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. हुसेनबीने आधी तिच्या ओठांकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"मशीनचे बोल्ट होते तिथं. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सूत गुंडाळायची मशीनं होती. माझी तिसरी, खिडकीपाशी. आता तिथं तो चष्मेवाला पोरगा बसतो."

नांदेडला गोदावरीच्या काठी निजामाच्या काळात उभी राहिलेली ती गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. यंत्रं भंगारात गेली, चिमणी उतरवली गेली, वाइंडिंग खात्याची लांबलचक इमारत तेवढी उरली. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या लातूरच्या एका क्लासने नांदेडात शाखा काढली तेव्हा ती भाड्याने घेतली, भिंतींना पांढरा रंग दिला आणि आत बाकं मांडून अभ्यासिका केली. झाडलोट आणि पाण्यासाठी बाई हवी होती. उभी हयात ह्याच खात्यात काढलेली हुसेनबी आपणहून येऊन उभी राहिली. कामाची गरज होतीच, पण आत आता काय चाललं आहे ते पाहायची उत्सुकता त्याहून जास्त होती.

पहिल्या दिवशी तिला चुकल्यासारखं झालं. एवढी माणसं एका छपराखाली आणि कोणी कोणाशी बोलत नाही, पायाखालची फरशीही थरथरत नाही. गिरणीत यंत्रांच्या धडधडाटात शेजारणीने कानात ओरडलं तरी कळायचं नाही. म्हणून बायका आवाज न काढता ओठांनीच बोलायच्या. सासूचं गाऱ्हाणं, भाजीचा भाव, पोराचा ताप, सगळं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओठांवरून जायचं. मराठी असो, उर्दू असो, देगलूरकडच्या बायकांची तेलुगू असो, हुसेनबीला सगळं वाचता यायचं. पुढे त्या आवाजाने कान गेले, पण ही बोली राहिली.

मुग्धा जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिच्यापाशी येऊन बसायची. बाकीची मुलं डब्यावरही पुस्तक उघडायची. मुग्धाचं लक्ष मात्र छपराकडे, भिंतीतल्या कापलेल्या पायपांकडे. छप्पर करवतीच्या दातांसारखं का? उत्तरेचा उजेड यावा, डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून. पायपातून काय यायचं? पाण्याचा फवारा. हवा कोरडी असली की सूत तुटतं.

"आणि पाणी कुठून यायचं?"

"नदीतून. काठावर पंपघर हाय ना, अजून उभं हाय ते. तिथून पाणी वर यायचं, बॉयलरला, फवाऱ्याला, रंगखात्याला. मग रंगाचं पाणी परत नदीत. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका पाणी बघून सांगायच्या, आज गिरणीत लाल चाललंय का निळं."

"तुम्ही पाहिलंय पंपघर आतून?"

"न्हाई गं. बायकांना तिकडं जाऊ देत नव्हते. माझा नवरा सांगायचा, खाली विहिरीएवढा खड्डा हाय आणि त्यात चाक फिरतं. मी त्याला लई विचारायची."

एकदा बोलता बोलता त्र्याण्णवच्या भूकंपाचा विषय निघाला. हुसेनबी हसून सांगायला लागली, "त्या रात्री रियाज, माझा नवरा, पाळीवर होता. सगळं नांदेड भिऊन रस्त्यावर, आणि सकाळी हा डबा हलवत घरी आला. म्हणे, काय झालं? आमची जमीन तर रोजच हलती. गिरणीत कोणाला कळलंच न्हाई बघ."

मुग्धाही हसली. हुसेनबी पुढे म्हणाली, "मग दोन दिवस आम्हाला दुसरं कामच न्हाई. ट्रक भरून पांढरं कापड लातूरकडं गेलं. आम्ही बायका नुसतं फाडून देत होतो. माणसाच्या लांबीचं."

मुग्धाच्या हातातला घास तसाच राहिला.

"आमचं गाव तिकडचंच," ती म्हणाली. "माझा दादा त्यात गेला. दहा वर्षांचा होता. आईचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. भूकंपानंतर डॉक्टरांनी ते उघडून दिलं, मग मी झाले. घरात सगळे म्हणतात, दादा डॉक्टर होणार होता."

हुसेनबीने तिच्या पाठीवर हात ठेवला. पोरीचं लातूरचं एक वर्ष वाया गेलं होतं, मार्क पडले नव्हते. आता इथे दुसरं चालू होतं.

त्यानंतरच्या शनिवारी क्लासची मोठी सराव परीक्षा होती. अभ्यासिकेत पंख्यांशिवाय काही हलत नव्हतं. हुसेनबी दारापाशी स्टुलावर बसली होती. मुलं लिहीत होती, कोणी आकडेमोड करत ओठ हलवत होतं. सवयीने तिची नजर एकेका तोंडावरून फिरत मुग्धापाशी आली.

मुग्धाचं पेन खाली होतं. समोरच्या भिंतीकडे पाहत ती आवाज न करता बोलत होती.

'दादा, तू ये रे. तुझा पेपर तू लिही. मला नाही येत.' मग थोडं थांबून, 'नाहीतर मीच येते तिकडे.'

हुसेनबीने तिच्यावरची नजर काढली नाही. पेपर संपेपर्यंत ती स्टुलावरून उठली नाही. सुटल्यावर तिने मुग्धाचं मनगट धरलं आणि तिला बाहेर नेलं.

"बेटा, तू काय बोलून राहिली होतीस, मी वाचलं."

मुग्धा आधी गोंधळली, मग चिडली. "दुसऱ्याचं कशाला वाचता?"

"वाचता येतं म्हणून वाचलं. आता मला झोप यायची न्हाई. तुझ्या बापाला बोलव."

"काय सांगू त्यांना? मी तोंड उघडलं की आवाजच निघत नाही. दिवाळीत दोनदा प्रयत्न केला."

"तू बोलव तर खरं. न्हाईतर मी ऑफिसातल्या माणसाला फोन लावायला सांगते."

मुग्धाने बापाला 'बरं वाटत नाही, या' एवढाच मेसेज केला आणि ती रात्र हुसेनबीच्या घरी काढली. हुसेनबीने तिला एकटं सोडलंच नाही, दाराला खाट लावून आडवी झाली.

रविवारी दुपारी मुग्धाचे वडील, रेणुकादास गुरुजी, औशाहून सुट्टीमुळे रिकाम्या असलेल्या अभ्यासिकेत आले. झेडपीच्या शाळेतले मास्तर, खांद्याला पिशवी, पिशवीत मुलीसाठी शेंगदाण्याचे लाडू. "ताप आहे का?" हे त्यांचं पहिलं वाक्य. मुग्धाने नाही म्हणून मान हलवली. ते बाकावर बसले, ती चार बाकं सोडून उभी राहिली. इतक्यात लाइट गेली आणि अंगणातला जनरेटर धडधडू लागला. जुन्या भिंती थरथरल्या. गुरुजींनी कानावर हात ठेवला.

"बाहेर जाऊ या का?" ते ओरडले.

"इथंच बरं हाय, गुरुजी," हुसेनबी म्हणाली आणि मुग्धाला खूण केली. बोल. आता कोणालाच ऐकू जाणार नाही.

मुग्धाने बापाकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. हुसेनबी गुरुजींच्या कानाशी वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, मला डॉक्टर नाही व्हायचं."

गुरुजी दचकले. "बाई, माझ्या मुलीच्या नावाने तुम्ही काय बोलता?"

"मी न्हाई बोलत. तीच बोलून राहिली. मी नुसतं तुमच्या कानात घालते. तिच्याकडं बघा."

गुरुजींनी पाहिलं. मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ थांबत नव्हते. हुसेनबी शब्दामागून शब्द उचलत गेली. पोरीची पुस्तकी बोली तिने तशीच ठेवली, एक अक्षर बदललं नाही.

"मला दादा व्हायचं नाही. मी कितीही वाचलं तरी दादा होत नाही. तुम्ही मला हाक मारता तेव्हा मला वाटतं, तुम्ही त्यालाच मारताय. काल मला वाटलं, आपणही त्याच्याकडे जावं. बाबा, मी मुग्धा आहे."

पासष्टीच्या, पांढऱ्या केसांच्या त्या बाईच्या तोंडून शेवटचं वाक्य आलं तेव्हा गुरुजींनी डोळे मिटले. मग त्यांचेही ओठ हलले. आवाज इतका हळू होता की त्यांचा त्यांनाही ऐकू आला नसेल. पण ते बोलत होते मुलीशीच. हुसेनबीने तोंड मुग्धाकडे वळवलं आणि ओरडून सांगितलं:

"तुझा दादा कधी डॉक्टर होतो म्हणाला नव्हता. ते मीच म्हणायचो. तो दिवसभर रेडिओ खोलून बसायचा. घरातलं एक घड्याळ त्याने धड ठेवलं नाही. रागावलो की म्हणायचा, आत काय आहे ते बघू द्या ना."

मुग्धा बाकं ओलांडून आली आणि बापाच्या शेजारी बसली. हुसेनबीने मग कोणाकडेच पाहिलं नाही.

लाइट आली, जनरेटर थांबला. गुरुजींनी रुमालाने तोंड पुसलं, ऑफिसात जाऊन मुलीला घरी नेत असल्याचं सांगितलं. क्लासच्या माणसाने वर्ष फुकट जाईल म्हणून समजावलं. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि सही करून बाहेर आले. औशाची बस संध्याकाळी होती.

"इथे खाली पंपघर आहे, बाबा," मुग्धा म्हणाली. आवाज घोगरा होता, पण होता. "अजून उभं आहे. आत खड्डा आहे म्हणे, त्यात चाक फिरायचं."

"कशावर फिरायचं? वाफेवर?"

"तेच बघायचंय."

गुरुजींनी हुसेनबीकडे वळून विचारलं, "तुम्ही येता का, मावशी? आता कोण अडवणार?"

हुसेनबीला जायचं होतं. आयुष्यभर जायचं होतं. पण तिने मान हलवली. "तुम्ही जाऊन या. मला बाकं पुसायची हायत. आल्यावर पोरगी सांगेल."

ती दारात उभी राहून पाहत राहिली. बाभळीतून नदीकडे उतरणाऱ्या वाटेने बाप-लेक चालले होते. मुग्धाचा हात हवेत गोल फिरत होता, मोठं चाक, मग लहान चाक. गुरुजी मध्येच थांबून तिला काही विचारत होते. दोघं पाठमोरी होती, त्यामुळे काय बोलणं चाललं आहे ते हुसेनबीला कळलं नाही. ती आत आली, फडकं ओलं केलं आणि खिडकीपाशी, तिसऱ्या बाकापासून पुसायला सुरुवात केली.