आत्याची शेवटची सरी

तेरा वर्षं, चार अल्बम आणि परदेशातले साठेक कार्यक्रम एवढा पसारा झाला, तरी ‘तेरावा थांबा’ या रॉक बँडला स्वतःच्या देशात सरकार गाऊ देत नव्हतं. परवानगीचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला तेव्हा ड्रम वाजवणाऱ्या कास्तुसने हात टेकले. या हंगामात घरच्या लोकांसमोर एक तरी कार्यक्रम झाला नाही, तर तो सीमेपलीकडे वॉर्साला भावाकडे फरशा बसवायला जाणार होता. कास्तुस गेला की बँड संपला, हे गायिका यादविगाला पुरतं ठाऊक होतं.

तोंड पाडून ती आत्याच्या गावी बटाटे काढायला गेली. स्तेफानिया आत्या म्हणजे कामाला वाघ आणि जिभेने तिखट. भाचीच्या गाण्याला ती बादल्यांची आदळआपट म्हणे. यंदा मात्र तिची कंबर धरली होती आणि तीस सऱ्या तशाच जमिनीत होत्या. तलाका बोलवावी लागणार, म्हणून ती कुरकुरत होती. सगळ्यांनी येऊन एकाचं काम उरकायचं आणि पोटभर जेवून जायचं, ही तलाका. तिला परवानगी लागते असं आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. यादविगा कुदळीवर रेलून उभीच राहिली.

पुढच्या शनिवारी आत्याच्या शेतात तीनशे माणसं उतरली. मिन्स्कहून, ग्रोदनोहून, हातात बादल्या घेऊन. गोठ्याच्या दारात ड्रम मांडले होते, चुलीवर बटाट्याची धिरडी होत होती. पहिल्या गाण्यालाच लोकांच्या अंगात आलं. नाचत, उकरत त्यांनी बघता बघता तीस सऱ्या सातवर आणल्या.

तेवढ्यात गावचा पोलीस आनातोल सायकलवरून आला आणि हा कार्यक्रम आहे का, असं विचारू लागला. आत्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

“तिकीट दिसतंय का कुठे? खुर्ची दिसतेय? बटाटे निघताहेत रे बाबा. तुझ्या आईच्या शेतात मी दरवर्षी तलाकेला येते, ते काय असतं मग?”

यात खोटं काहीच नव्हतं. आनातोलने बराच वेळ डोकं खाजवून निकाल दिला, “काम चालू आहे तोवर वाजवा. शेवटचा बटाटा निघाला की बंद.” आणि तो बांधावर ठाण मांडून बसला.

यादविगाने गाण्यांची यादी पाहिली. आठ गाणी बाकी होती आणि माणसं तर सुसाट सुटलेली. ती माइकवरून एवढंच म्हणाली, “मंडळी, घाई नको.”

तीनशे माणसं एकदम म्हातारी झाली. एकेक बटाटा पुसू लागली, त्याची ख्यालीखुशाली विचारू लागली. चार गाणी झाली, सात झाली. तरी शेवटची सरी संपत आलीच. एकच रोप उरलं, आणि ज्या गाण्यासाठी लोक तेरा वर्षं थांबले होते तेच राहिलं होतं.

आत्या उठली. रेंगाळणाऱ्या हातांना जन्मभर शिव्या घालणारी ती बाई सरीच्या टोकाशी गेली आणि तिने थेट त्या रोपावर बसकण मारली.

“कंबर धरली,” तिने आनातोलला ऐकू जाईल असं सांगितलं. “आता मला कुणी उठवू नका.”

ते गाणं त्यांनी दोनदा वाजवलं. तीनशे गळ्यांना ते अख्खं पाठ होतं. यादविगा रडत रडत गायली आणि तिला त्याची अजिबात लाज वाटली नाही. बांधावर आनातोलचा बूट ठेका धरत होता, बहुधा त्याच्या नकळत.

मग दोघांनी धरून आत्याला उठवलं. तिच्याखालून नऊ बटाटे निघाले. कास्तुस घामाने निथळत तिच्यापाशी आला.

“आत्या,” तो म्हणाला, “पुढच्या वर्षी साठ सऱ्या लावा.”